बोलघेवड्यांच्या गावात

यंदा धुकं उशिरा उतरलं, पण उतरलं ते बिऱ्हाड करूनच. सकाळी दार उघडलं तर समोरचा पार्क नाही, तुतीची झाडं नाहीत, खाली उभी केलेली आमची गाडीसुद्धा नाही. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून कुणीतरी फोनवर मोठमोठ्यानं सांगत होतं, "ओ जी, आप टेन्शन मत लो, मैं बैठा हूँ ना!" चंडीगडच्या हिवाळ्यात हे असंच असतं. माणूस आधी ऐकू येतो, बऱ्याच वेळानं दिसतो, आणि दिसला की ऐकू आला होता त्यापेक्षा हमखास लहान निघतो. आवाजावरून मला एखादा धिप्पाड, दाढीवाला गृहस्थ अपेक्षित होता. धुक्यातून निघाला मफलर गुंडाळलेला एक किडकिडीत इसम, हातात अंड्यांचा ट्रे. शिवाय 'मैं बैठा हूँ' म्हणणारा हा माणूस चालत होता, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"बोलघेवडा," मी पुटपुटले.

"कोण?" आतून सुधीरनं विचारलं. सुधीर म्हणजे माझा नवरा.

"माहीत नाही," मी म्हटलं आणि दार लावलं.

हा शब्द माझ्या माहेरचा. तसा तो साऱ्या महाराष्ट्राचा आहे, पण आमच्या चिपळूणच्या घरात तो जितका राबला तितका क्वचितच कुठे राबला असेल. माझे वडील, अण्णा, जमीन मोजणीच्या खात्यात होते. लोक सांगत, आमची हद्द त्या फणसापर्यंत. अण्णा साखळी लावत आणि हद्द फणसाच्या बरीच अलीकडे संपे. जन्मभर हेच बघितल्यामुळे असेल, पण माणसाच्या बोलण्यालाही ते मनातल्या मनात साखळी लावत.

आता थापाड्या वेगळा. त्याला खोटं बोलायला मजा येते, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ऐकायला येते. बडबड्याला गप्प बसवत नाही एवढंच. तो बिचारा निरुपद्रवी. तोंडाळ माणूस भांडतो, पण निदान समोर भांडतो. बढाईखोर स्वतःपुरती टिमकी वाजवतो आणि थकला की घरी जातो. बोलघेवडा ह्या सगळ्यांहून धोक्याचा, कारण तो तुमच्यासाठी काहीतरी करणार असतो. 'ते माझ्यावर सोडा' हे त्याचं लाडकं वाक्य. ऐकताना इतकं गोड वाटतं की आपण खरंच सोडतो, आणि मग ते काम तिथेच सोडलेलं राहतं. म्हणून आमच्याकडे गोड बोलणारा माणूस दारात उभा राहिला की सगळे आतून सावध व्हायचे. चहा मात्र द्यायचा. चहात कसूर नाही.

हा शब्द तोंडावर वापरायचा नसतो. पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायचं, 'पुन्हा या' म्हणायचं, परत येऊन कडी लावायची आणि मग उच्चारायचा. अण्णा चष्मा पुसत तो एकदाच म्हणत. त्यावर अपील नसे. पण ह्या शब्दाची खरी दहशत बाहेरच्यांना कुठली वाटायला, त्यांच्या कानावर तो पडायचाच नाही. दहशत घरातल्यांना. आपल्यामागे कडी लागल्यावर आपल्याबद्दल तर कुणी हे म्हणणार नाही ना, ह्या धास्तीनं आम्ही भावंडं शिकलो की वर्गात पहिला नंबर आला तर सांगायचं, पेपर सोपे होते. नवी साडी कुणी वाखाणली तर सांगायचं, सेलमधली आहे. पोरांचं कौतुक झालं तर त्यांचे चार दुर्गुण लगेच मोजून दाखवायचे. ह्याला आम्ही वळण म्हणत होतो.

त्यात मला नवरा मिळाला तो असा. सुधीर सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवतो. एखादं उपकरण किती चुकतंय हे शोधण्यात त्याचं सारं आयुष्य गेलं. हातात घड्याळ असूनही वेळ विचारली की 'साडेपाचच्या आसपास' म्हणतो. त्याच्या कोशातली सर्वोच्च पदवी 'ठीक आहे' ही. लग्नानंतर मी केलेल्या वालाच्या बिरड्याला ती पहिल्यांदा मिळाली, तेव्हा मी आठवडाभर हवेत होते.

आणि अशी आम्ही दोघं येऊन पडलो कुठे, तर चंडीगडात! इथला भाजीवाला गाजराला गाजर म्हणत नाही. "मिठाई है जी, मिठाई, मावा डालने की जरूरत नहीं." प्लंबर छातीवर हात ठेवून म्हणतो, "पक्का, कल सुबह," आणि मी पहिल्या वर्षी खरोखर मी शिकवते त्या शाळेतून अर्धी रजा टाकून त्याची वाट बघत बसले होते. कोपऱ्यावरचा छोले-कुलचेवाला, गल्लीतला टेलर, शेजारची आंटी, सगळे आपापल्या धंद्यात उत्तर भारतात पहिले. दुसरा नंबर ह्या शहरात कुणाचाच नाही. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत नवऱ्याची बदली होऊन येणाऱ्या मराठी बायका दोन-तीन वर्षांत निघून जातात. त्या म्हणतात, किती दिलदार लोक! त्यांना म्हणायला काय जातंय. आम्ही इथेच राहिलो. माझा संशय इथल्या थंडीत दरवर्षी उबदार होत गेला.

ज्या हिवाळ्याबद्दल मला खरं सांगायचंय तो गेल्याच्या आधीचा. आमची एकुलती एक मुलगी मुक्ता मोहालीच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. एका संध्याकाळी तिनं सांगितलं की तिला हरजोतशी लग्न करायचंय. हरजोतला आम्ही ओळखत होतो, मुलगा नेमस्त होता, फार बोलत नव्हता, त्यामुळे माझी काही हरकत नव्हती. पण त्याचे आईवडील रविवारी भेटायला येणार होते.

"आई, प्लीज," मुक्ता म्हणाली, "उनके जाने के बाद वो शब्द मत बोलना."

"कुठला शब्द?"

"तुला माहितीये."

इथे वाढलेली मुलं मराठी समजतात आणि उत्तर अर्ध्या हिंदीत देतात. पण हा शब्द तिला बरोबर ठाऊक होता.

रविवारी हरजोतच्या वडिलांचा, बलजीतजींचा, आवाज जिन्यातून वर आला, मागून ते स्वतः आले, त्यांच्या मागून तीळगुळाच्या गजकचे डबे, गुळाची पिशवी आणि सरसोंच्या सागाचा डबा घेतलेल्या गुरमीतजी आणि हरजोत. मोहालीजवळच्या खरड गावात त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. "हमारे हरजोत जैसा लड़का आपको पूरे पंजाब में नहीं मिलेगा जी!" हरजोत खाली बघत होता. मग दुकान. मग म्हैस, जिच्या दुधावर म्हणे चमचा उभा राहतो. मग रोपडच्या रस्त्यावरचं सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, शेत. मग मुक्ताकडे वळून, "बेटे, अस्पताल में कोई तंग करे तो बस बता देना. एक फोन लगाऊँगा."

एक फोन! माझ्या कानात अण्णांची साखळी खळखळली. माणूस इतकं सांगतोय म्हणजे काय सांगत नाहीये, हाच विचार माझ्या डोक्यात. सगळ्यात संशयास्पद मला वाटल्या त्या गुरमीतजी. नवरा असा सुटला असताना बायकोनं निदान पायानं पाय तरी दाबावा. त्या शांतपणे शेंगा सोलून दाणे सुधीरच्या बशीत टाकत होत्या.

ते गेल्यावर मी कडी लावली. मुक्ता माझ्याकडेच बघत होती.

"बोलघेवडा," मी म्हटलं. राहवलंच नाही.

"तीस टक्के खरं धरावं," सुधीर म्हणाला. "अंदाजे."

मुक्ता आपल्या खोलीत निघून गेली.

मग मी तपासाला लागले. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. ह्या माणसाच्या शब्दावर माझी मुलगी त्या घरात जाणार, आणि शब्द पोकळ निघाले तर? शाळेतल्या एका शिक्षिकेचं सासर खरडचं, तिला विचारून ठेवलं. शेत बघायचं निमित्त तर बलजीतजींनीच दिलं, "आओ जी, दिखाता हूँ!" आम्ही गेलो त्या सकाळी असं धुकं होतं की स्वतःच्या चपला दिसेनात. बांधावर उभं राहून त्यांनी त्या पांढऱ्यात हात फिरवला. "वो जहाँ तक दिखता है ना जी, सब अपना!" हातभर अंतरापलीकडे काहीच दिसत नव्हतं, त्या अर्थी त्यांचं म्हणणं खरंच होतं. दुपारी ऊन आलं आणि कुंपण उघडं पडलं. पिवळीधमक सरसों कुंपणाच्या पलीकडे होती. अलीकडे होता बरसीम, म्हशीचा चारा. मी नुसतं सुधीरकडे बघितलं. त्यानं मान हलवली. तीस टक्के बरोबर होतं.

आता ते शेत आठवलं की मला त्या चिखलाचा वास येतो, आणि चुलीवर उकळणाऱ्या गुळाच्या चहाचा. म्हैस मात्र चांगली होती. तिच्या दुधावर चमचा उभा राहिला नाही, पण आडवाही पटकन पडला नाही.

लोहडीच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुमारास त्यांनी आम्हाला खरडला जेवायला बोलावलं. तिथे जे झालं ते आमच्या बाजूनं अगदी रीतीला धरून झालं, हे मी आजही ठामपणे सांगेन. जेवण झाल्यावर गुरमीतजी म्हणाल्या, "बहनजी, आपकी बेटी तो लाखों में एक है."

आता ह्यावर काय बोलायचं हे आमच्याकडे पाचवीतल्या मुलीलाही कळतं. मी म्हटलं, "छे जी, कहाँ! रोटी तो उसको अभी भी गोल नहीं आती. सुबह उठाओ तो उठती नहीं. और गुस्सा तो पूछो ही मत."

चिपळुणात समोरच्या बाईनं लगेच म्हणायचं असतं, "अहो, काहीतरीच काय! किती गुणाची आहे." मग आपण म्हणायचं, "आहे आपली साधीसुधी." मग ती आणखी थोडी स्तुती करते, आपण ती आणखी थोडी खोडून काढतो, आणि असं करत करत दोन्ही बाजूंना पाहिजे ते सगळं बोलून होतं. हा दोघींनी मिळून खेळायचा खेळ आहे. गुरमीतजींनी चेंडू परत टाकलाच नाही. त्या मुक्ताकडे बघत राहिल्या. बलजीतजींनी सुधीरला विचारलं, "सर, हमने तो सुना है अस्पताल में इसकी बड़ी तारीफ है?"

सुधीरनं प्रामाणिकपणे विचार केला. "काम ठीक है," तो म्हणाला. "सीख रही है."

सुधीरच्या तोंडून हे म्हणजे कळस झाला. पण ते समजावून सांगायला तिथे कोण होतं? बलजीतजी पहिल्यांदाच गप्प बसले. कुणीतरी खीर वाढली. मला वाटलं, सापडला! साधेपणानं बोलणारी माणसं समोर आली की बोलघेवड्याची बोबडी वळते. परतताना गाडीत मी हे बोलूनही दाखवलं. मुक्ता मागच्या सीटवर होती. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

त्यानंतर फोन बंद झाले. आधी बलजीतजींचा रोज सकाळी फोन यायचा, "क्या हाल है जी, धुंध कैसी है उधर?" आता आठवडा गेला, दुसरा गेला. हरजोत मुक्ताला एवढंच सांगे की घरात बोलणं चाललंय. मी म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हते?" मुक्ता हॉस्पिटलातून यायची, स्वेटरही न काढता हीटरसमोर बसायची, फोन पालथा ठेवायची. दोन घास खाऊन उठायची. ते दिवस आठवले की हीटरच्या लाल तारा दिसतात आणि तिच्या बोटांच्या सालपटलेल्या कडा.

आणि मग शाळेतल्या त्याच शिक्षिकेनं मला येऊन सांगितलं की खरडची मंडळी मुक्ताची चौकशी करतायत. हिला काही आजार आहे का, आधी कुठे साखरपुडा मोडलाय का. मी इतकी भडकले की विचारू नका. माझ्या मुलीची चौकशी! असली संशयी माणसं! हे मी सुधीरला सांगितलं तेव्हा तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला, आणि पुन्हा पेपरात शिरला.

एका दुपारी गुरमीतजी एकट्याच आल्या. ऊन पडलं होतं म्हणून आम्ही गच्चीत बसलो.

"बहनजी, बुरा मत मानना," त्या म्हणाल्या. "माँ हूँ, इसलिए पूछ रही हूँ. सच-सच बता दो. लड़की को कोई तकलीफ है?"

"कैसी तकलीफ?"

"आपने ही तो बोला. सुबह उठती नहीं, गुस्सा करती है. और भाईसाहब ने भी कहा, काम बस ठीक है. बेटी के माँ-बाप तो ऐब कम करके ही बताते हैं ना जी. तो हमने सोचा, असल बात इससे बड़ी होगी."

मला हसावं की रडावं कळेना. आम्ही त्यांचं बोलणं कापून घेत होतो आणि त्या आमचं वाढवून घेत होत्या. मी म्हटलं, तसं काहीही नाही, मुलगी ठणठणीत आहे, हमारे में ऐसे ही बोलते हैं.

"क्यों जी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "अच्छा नहीं लगता, अपने मुँह से." ते मलाच अपुरं वाटलं, म्हणून मग मी उलटून विचारलं, "और भाईसाहब जो बोलते हैं? वो सरसों का खेत?"

त्या खळखळून हसल्या. "इनका तो सबको पता है. सारा मोहल्ला आधा काट के सुनता है." मग हसू आवरून, शालीचा काठ हातात धरून म्हणाल्या, "पर बहनजी, दुनिया ने तो काटना ही है. घरवाले भी काट लेंगे, तो बच्चे के पास बचेगा क्या?"

मला हे वाक्य आवडलं नाही. अजूनही आवडत नाही. फार टाळ्या घेणारं आहे, आणि टाळ्या घेणाऱ्या वाक्यांवर माझा विश्वास नाही. पण त्या दुपारी संध्याकाळपर्यंत बसल्या, आणि जाताना लग्नाचं ठरवूनच गेल्या.

लग्न झालं तेव्हा थंडी सरत आली होती. बलजीतजी मुक्ताला हाताला धरून मांडवभर फिरवत होते. "मिलो जी हमारी मुक्ता से! ऐसी फिजियो पूरे मोहाली में नहीं. हमारे फूफाजी चारपाई से नहीं उठते थे, इसने भंगड़ा करवा दिया!" फूफाजी, म्हणजे त्यांच्या आत्याचे यजमान, काठी धरून खुर्चीत बसले होते आणि भांगडा करण्याच्या बेतात मुळीच दिसत नव्हते. पण ते उठून बसले होते, एवढं खरं. मुक्ताच्या चेहऱ्यावर ओठांचं हसू होतं आणि डोळे मात्र बारीक, मागे सरलेले. चष्मा पुसताना अण्णांचे डोळे असेच होत. मला भरून आलं. मुलगी परक्या घरी चालली तरी आमचीच राहिली, असं वाटलं.

आता ती विमानतळाजवळच्या एरोसिटीत राहते. गेल्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. दुपारी ऊन आलं तेव्हा आम्ही दोघी गच्चीत किन्नू, म्हणजे इथली आंबटगोड संत्री, सोलत बसलो होतो. डोक्यावरून एक विमान गेलं, इतक्या खालून की बोलणं थांबवावं लागलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "आई, एक सांगू? पापाजी मेरी इतनी तारीफ करतात ना सगळ्यांसमोर. ते खरंच मानतात तसं. निदान अर्धं तरी. पण मला त्यातला एक शब्दही खरा वाटत नाही. मुझे लगता है, यांना काय पाहिजे?"

"त्यांचं तू मनावर घेऊ नकोस," मी म्हटलं. "तो माणूस..."

"उनका नहीं, आई. सबका." तिनं किन्नूची फोड हातातच धरली होती. "एक आंटी होती, स्ट्रोकनंतरची. चार पावलं चालली त्या दिवशी. तिचा मुलगा रडला. म्हणाला, आपने मेरी मम्मी को चला दिया. मी काय म्हटलं माहितीये? केस सोपी होती." तिनं फोड खाली ठेवली आणि दुसरा किन्नू सोलायला घेतला. "सोपी नव्हती, आई. फार कठीण होती."

"आणि हरजोत?" मी विचारलं.

"तो म्हणतो, मैं कितना लकी हूँ. तेव्हा तर मी सगळ्यात जास्त घाबरते. अब क्या छुपा रहा है, असं वाटतं. तो परवा चिडला. बोला, तुला माझ्यावर कभी विश्वास होगा भी?"

खाली पार्कात कुणीतरी कुणाला तरी ओरडून सांगत होतं की त्याच्यासारखे पराठे साऱ्या सेक्टरात कुणी करत नाही. मी नेहमीप्रमाणे कान टवकारले नाहीत. मी मुक्ताकडे बघत होते. तिची बोटं पुन्हा सालपटली होती. घशाशी आलेलं वाक्य मी एकदा गिळलं, दुसऱ्यांदा गिळलं, आणि मग ते बाहेर आलंच.

"मुक्ता," मी म्हटलं, "तू फार गुणाची मुलगी आहेस. तुझ्यासारखी दुसरी नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो."

तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं, माझे डोळे, माझा रंग. किन्नू बाजूला ठेवला आणि माझं मनगट हातात घेऊन नाडी बघू लागली.

"आई, काय झालंय तुला?"

"कुठे काय?"

"बाबा!" मनगट न सोडता तिनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली. एरवी दर दोन वाक्यांत हिंदी मिसळणारी माझी मुलगी स्वच्छ मराठीत बोलत होती. "बाबा, आईचे रिपोर्ट कुठे आहेत?"

सुधीर पेपर हातात घेऊनच वर आला. "कसले रिपोर्ट?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"खरं सांगा," ती म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय?"